हुकमाचं बटण

माणसं सांभाळणं ही एक कला आहे आणि ती आपल्याला जन्मतःच येते, याबद्दल मुकादमाच्या मनात तिळमात्र शंका नव्हती. शंका होती ती फक्त माणसांना.

पार्सलच्या कचेरीत तो वर्गवारी खात्याचा प्रमुख होता. हाताखाली पाच माणसं आणि पाचांची तोंडं पाच दिशांना. नाजूक खोकी वर ठेवा असं त्याने सांगितलं, की कोणीतरी हमखास त्यांच्यावर लोखंडी सामान रचायचं. आज जरा लवकर आवरू म्हटलं, की नेमका त्याच दिवशी सगळ्यांचा चहा लांबायचा. ‘मुकादम’ हे नाव त्या पाच जणांनीच त्याच्या पाठीमागे ठेवलं होतं. ते आपल्या कानावर आलंच नाही, असं दाखवायचं त्याने ठरवलं होतं आणि आपणही त्याला त्याच नावाने ओळखू, कारण दुसऱ्या कोणत्याही नावाने तो इतका ओळखू येत नाही.

तर अशा या मुकादमाने घरी स्वतःची पाच माणसं पाळली.

पाळली म्हणजे कॉम्प्युटरवर. तो एक ऑनलाइन खेळ खेळायचा. गुहा, अजगर, खजिना असा सगळा मामला. ठिकठिकाणचे लोक आपापलं एकेक पात्र घेऊन त्यात उतरायचे, टोळ्या करायचे आणि मिळून अजगराला मारायचे. त्यातला ‘मिळून’ हा शब्दच मुकादमाला पटत नव्हता. त्याने पाच खाती उघडली, दोन स्क्रीनवर पाच खिडक्या मांडल्या आणि पाच पात्रं उभी केली. सगळ्यात पुढे ढालकाका, ज्याचं काम निमूटपणे मार खाणं. मग तलवारवाला सेनापती, म्हणजे अर्थातच मुकादम स्वतः. त्यामागे बाणवाला, मग मंत्र टाकणारा मांत्रिक आणि सगळ्यांच्या मागे वैद्यबाई, जी जखमींना पट्ट्या बांधायची.

या सगळ्यांच्या वर होतं हुकमाचं बटण. हे नाव त्यानेच दिलं होतं. ते दाबलं की स्क्रीनच्या कोपऱ्यात एक लाल ठिपका लागायचा, आणि मग एका खिडकीत जे कराल तेच पाचही खिडक्यांत व्हायचं. पुढे म्हटलं की पाचही जण पुढे. थांब म्हटलं की पाचही जण थांब. कोणी चहाला जात नाही, कोणी ‘पण साहेब’ म्हणत नाही.

“याला म्हणतात नेतृत्व,” तो बायकोला म्हणाला.

“याला म्हणतात एकटेपणा,” बायको म्हणाली आणि चपला काढून सोफ्यावर आडवी झाली. पाणीपुरवठ्याच्या तक्रार कक्षात ती दिवसभर फोन घ्यायची. नळाला पाणी नसलेला माणूस ज्या आवाजात बोलतो, तो आवाज ऐकून आल्यावर तिला कोणाच्याच नेतृत्वाचं कौतुक उरत नसे.

लहानसहान अजगर पाच जणांत उरकत होते. मोठ्या अजगरांना मोठी टोळी लागायची. म्हणून मुकादम आपले पाचही जण घेऊन एका जुन्या टोळीत शिरला. तिथे ‘एक माणूस, एक पात्र’ असा कडक नियम होता. मुकादमाने तो वाचला आणि मनाशी म्हणाला, नियम एकट्यादुकट्यासाठी असतात, आपण तर पाच आहोत.

टोळीचे प्रमुख होते आजोबा. उभं आयुष्य जहाजावर स्वयंपाकी होते, त्यामुळे कितीही मोठी टोळी त्यांना कमीच वाटायची. दुसरा होता एक दंतवैद्य. तो दोन पेशंटांच्या मधल्या वेळात खेळायचा आणि भुलीचं इंजेक्शन चढेपर्यंत हमखास एक राक्षस मारून यायचा. तिसरी भूकंप. खेळातलं नाव ऐकून कोणालाही धडकी भरावी, पण ती एका ग्रंथालयात कामाला होती आणि तिथल्या सवयीने सगळ्यांशी कुजबुजूनच बोलायची. आणखीही काही मंडळी होती, पण बोलणारी ही तिघंच.

पहिली चूक गुहेच्या तोंडाशी झाली. आजोबांनी विचारलं, कोण कोण पोचलं? मुकादमाने ऐटीत लिहिलं, “मी आलो.” लाल ठिपका लागलेलाच होता. पाच तोंडांतून एकदम ‘मी आलो’ निघालं.

चार जणांचं ठीक होतं. वैद्यबाईचं काय?

“वैद्यबाई,” दंतवैद्याने लिहिलं, “तुम्ही ‘आलो’?”

मुकादमाच्या पाठीला घाम फुटला. पण हजरजबाबीपणात तो कमी नव्हता. लाल ठिपका विझवून वैद्यबाईच्या खिडकीत त्याने भराभर लिहिलं, “अहो, ‘आम्ही आलो’ लिहायचं होतं, घाईत ‘मी’ झालं. आम्ही पाचही जण एकाच घरातले ना.”

व्याकरण बचावलं, पण संसार अंगावर आला. एकाच घरातले म्हटल्यावर आजोबांनी लगेच विचारलं, कोण कोणाचा कोण? मुकादमाने बसल्या जागी कुटुंब रचलं. सेनापती घरातला कर्ता, मांत्रिक त्याचा धाकटा भाऊ, ढालकाका सख्खे काका, बाणवाला मेहुणा. उरली वैद्यबाई. तिला सेनापतीची बायको करण्यावाचून गत्यंतर नव्हतं. त्या संध्याकाळपासून सगळी टोळी तिला ‘वहिनी’ म्हणू लागली.

इथून पुढे भानगड सुरू झाली, आणि तिचं कारण अगदी साधं होतं. स्वतःच्या डाव्या हाताला कोणी ‘अहो’ म्हणतं का? मुकादमही म्हणत नव्हता. खेळता खेळता तो सेनापतीच्या तोंडून आपल्याच माणसांवर ओरडायचा, म्हणजे टोळीला वाटावं की ही खरोखर पाच निराळी माणसं आहेत. “ए, पट्टी बांध लवकर.” “ए, मागे हो, मध्ये काय तडमडतेस.” एकदा त्याचं स्वतःचंच बोट चुकलं, पट्टीला उशीर झाला आणि सेनापती आडवा झाला. मुकादमाने चिडून लिहिलं, “कुठे मेली होतीस?” मग कोणीतरी उत्तर द्यायला हवं म्हणून पलीकडच्या खिडकीत जाऊन त्यानेच लिहिलं, “चुकलं हो माझं. पुन्हा नाही होणार.”

टोळीतल्या सगळ्यांच्या तलवारी थांबल्या. अजगरसुद्धा क्षणभर थांबल्यासारखा वाटला.

थोड्या वेळाने वहिनीच्या खिडकीत भूकंपचा खासगी निरोप आला. “वहिनी, तुम्ही जेवलात का? घरी सगळं ठीक आहे ना?”

कचेरीत मुकादमाला असं कोणी कधी विचारलं नव्हतं. तो एकदम विरघळला. “जेवले हो,” त्याने लिहिलं. “तू जेवलीस का?”

हळूहळू त्या खिडकीला एक निराळाच स्वभाव फुटला. तिथे हुकूम सोडायची सोयच नव्हती. वैद्यबाईने कोणाला काय हुकूम सोडायचा? मग मुकादम तिथे बसून लोकांची विचारपूस करायचा. दंतवैद्याची सासू राहायला आली होती आणि तिने दवाखान्यातली हत्यारं आकाराप्रमाणे लावून टाकली होती. वहिनीने त्याचं सगळं ऐकून घेतलं आणि सल्ला दिला, “त्यांना पडद्यांचं काम सांगा. माप घेण्यात महिना जाईल.” महिना कसला, सासूबाई पडद्यांत इतक्या रमल्या की दंतवैद्याने वहिनीला फुलांचं चित्र पाठवलं. भूकंपला कोणावर आवाज चढवता येत नव्हता. वहिनी तिला म्हणाली, “आवाज चढवू नकोस गं. नुसती बघत राहा. समोरचा आपोआप गडबडतो.” तेही लागू पडलं.

आपण फार छान नाटक करतोय, असं मुकादमाला वाटत होतं. सेनापतीची खिडकी उघडली की तो पुन्हा गुरगुरायचा.

अशात आजोबांच्या डोळ्यांचं ऑपरेशन ठरलं आणि त्यांनी प्रमुखपद सोडायचं जाहीर केलं. मुकादमाला रात्रभर झोप लागली नाही. एक आख्खी टोळी, आणि ती आपलं ऐकणार. खरीखुरी माणसं. कचेरीतल्या पाच नगांनी आयुष्यात जे दिलं नाही ते आता मिळणार. आणि अडचण काय होती? पाच मतं तर खिशातच होती. दुसऱ्या दिवशी सेनापतीने आपली उमेदवारी जाहीर केली.

लगोलग दंतवैद्याने दुसरं नाव सुचवलं, “वहिनी.”

मुकादम मोठ्याने हसला. कोणीही निवडून आलं तरी प्रमुख तोच. पण वहिनीच्या हाताखाली सेनापती, ही कल्पना त्याला झेपेना. आपल्यालाच आपल्या हाताखाली काम करायचं? त्याने वहिनीच्या खिडकीत लिहिलं, “मला नको हो. आमच्या ह्यांनाच निवडा.”

झालं. टोळी पेटली. दंतवैद्याने लिहिलं, “बघा, तिला बोलूसुद्धा देत नाहीत. हे वाक्य त्यांनीच लिहिलंय.” तसं पाहिलं तर ते अगदी खरं होतं.

आजोबांनी निकाल दिला. शनिवारी संध्याकाळी गुहेबाहेरच्या शेकोटीभोवती सभा होईल. लिहिणं बंद, सगळ्यांनी तोंडाने बोलायचं. वहिनी स्वतःच्या आवाजात आपलं मन सांगतील. त्या बोलल्या नाहीत, तर या घरातल्या पाचही जणांना टोळीतून काढण्यात येईल.

मुकादमाने वहिनीचा आवाज काढून पाहिला. सोफ्यावरून बायकोने विचारलं, “बरं वाटत नाहीये का तुला?”

मग त्याने तिला सगळं सांगितलं. बायको ऐकता ऐकता सोफ्यावर उठून बसली. एवढं लक्ष देऊन तिने त्याचं बोलणं अलीकडे ऐकलं नव्हतं.

“म्हणजे तू माझा नवरा आहेस, आणि खेळात तूच तुझी बायको आहेस,” ती म्हणाली.

“तात्पुरती.”

“आणि मी काय करायचं?”

“तू फक्त ती व्हायचंस. एक वाक्य बोलायचं. मी लिहून ठेवलंय. ‘मी माझं नाव मागे घेते, आमच्या ह्यांनाच मत द्या.’ बास.”

“आमचे हे,” बायको म्हणाली. “लग्न झाल्यापासून मी तुला एकदा तरी ‘हे’ म्हटलंय?”

“म्हणूनच सराव कर.”

शनिवारी मुकादमाने हुकमाचं बटण दाबून पाचही जणांना एका ओळीत शेकोटीपाशी आणून उभं केलं. त्यांची शिस्त पाहून त्याचाच ऊर भरून आला. त्या भरात लाल ठिपका विझवायचं राहून गेलं. मग त्याने बायकोला खुर्चीत बसवलं, तिच्या डोक्यावर हेडफोन चढवला आणि स्वतः पाठीमागे उभा राहिला. “काही दाबू नकोस,” त्याने बजावलं. “नुसतं बोल.”

“वहिनी,” भूकंप कुजबुजली, “तुम्ही बऱ्या आहात ना?”

आता बायकोने ते एक वाक्य बोलायचं होतं. पण दिवसभर ‘पाणी का नाही’ हे ऐकणाऱ्या बाईला आयुष्यात पहिल्यांदा कानात कोणी ‘तुम्ही बऱ्या आहात ना’ असं विचारत होतं. ती वाक्य विसरली.

“खरं सांगू का? दमलेय जरा,” ती म्हणाली. “तुम्ही कशा आहात?”

मग भूकंप बोलली, दंतवैद्य बोलला, आजोबांनी आपल्या डोळ्यांची तक्रार सांगितली. बायको ‘हं’, ‘मग?’, ‘असं कसं’ म्हणत ऐकत गेली. पाठीमागे मुकादम हाताने खुणा करत होता, ‘ह्यांना, ह्यांना’ असं ओठांनी सांगत होता. तिचं लक्षच नव्हतं.

“चला, आता मतदान,” आजोबा म्हणाले. “ज्यांना सेनापती हवेत त्यांनी शेकोटीच्या डावीकडे जा, ज्यांना वहिनी हव्यात त्यांनी उजवीकडे. ज्याचं त्याने चालायचं.”

“सरक, मी चालवतो सगळ्यांना,” मुकादम दबक्या आवाजात म्हणाला.

“ज्याचं त्याने चालायचं म्हणालेत,” बायकोने सुनावलं. “माझं मी चालते.” आणि तिने उजवीकडचं बटण दाबलं.

लाल ठिपका आपलं काम चोख करत होता. वहिनी उजवीकडे निघाली. तिच्यामागून ढालकाका निघाले, बाणवाला निघाला, मांत्रिक निघाला. आणि सगळ्यांच्या देखत, तलवार खांद्याला लावून, खुद्द सेनापतीही वहिनीच्या बाजूला जाऊन उभा राहिला. एक उमेदवार स्वतःच्या विरोधात एकमताने पडला होता.

टोळीला गहिवरून आलं. “वा, सेनापती,” आजोबांचा आवाज जड झाला. “मन मोठं आहे तुमचं. आम्हीच ओळखलं नाही.”

आयुष्यात पहिल्यांदा एवढी मंडळी मुकादमाचं कौतुक करत होती. शहाण्या माणसाने ते मुकाट्याने पदरात पाडून घेतलं असतं. पण मुकादमाने बायकोच्या खांद्यावरून हात घातला आणि डावीकडचं बटण दाबलं. पाचही जण झपाझप डावीकडे आले, वहिनीसुद्धा. बायकोने उजवं दाबलं. पाचही जण उजवीकडे. त्याने डावं दाबलं, तिने उजवं. आख्खं कुटुंब कवायत केल्यासारखं शेकोटीच्या या बाजूकडून त्या बाजूला जाऊ येऊ लागलं.

“घरात एकमत होत नाहीये वाटतं,” दंतवैद्य म्हणाला.

“हात काढ तिथून,” बायको कडाडली. माईक चालूच होता.

आणि पलीकडून भूकंप, जिने जन्मात आवाज चढवला नव्हता, ती ओरडली, “वहिनी, घाबरू नका! मी पोलिसांना फोन करते, पत्ता सांगा!”

“अहो नको, नको,” बायको घाईने म्हणाली. “कीबोर्डवरचा हात म्हणतेय मी. तसं काही नाही हो. गरीब आहे तो.”

“मग घरातल्या बाकीच्यांना बोलवा,” आजोबा म्हणाले. “ढालकाकांना द्या बोलायला. वडीलधारे आहेत, त्यांच्याशी बोलतो.”

बायकोने मागे वळून नवऱ्याकडे पाहिलं. त्याने हात जोडले. पण तक्रार कक्षात इतकी वर्षं काढलेल्या बाईला एक गोष्ट पक्की ठाऊक होती. पाणी येणार नसेल तर येणार नाही असंच सांगावं.

“आजोबा, घरात आम्ही दोघंच आहोत,” ती म्हणाली.

“मग ढालकाका?”

“हाच.”

“बाणवाला?”

“तोही हाच.”

“मांत्रिक धाकटा भाऊ आहे ना?”

“याला भाऊच नाही.”

मग दंतवैद्याने अगदी क्षीण आवाजात विचारलं, “आणि वहिनी?”

“आजच्या दिवस मी. एरवी हाच.”

“म्हणजे मी माझ्या सासूबद्दल इतके दिवस ज्यांच्याशी बोलत होतो…”

“सेनापतींशी,” बायको म्हणाली.

दंतवैद्य म्हणाला, “पण पडद्यांचा सल्ला खरंच चांगला होता हो.”

“मलाही रोज विचारायच्या, जेवलीस का म्हणून,” भूकंप पुन्हा कुजबुजायला लागली होती.

बायकोने हेडफोन कानावरून खाली घेतला आणि खुर्ची वळवली. “तू विचारायचास?” तिने नवऱ्याला विचारलं. “रोज? मी याच खोलीत असायचे. मला एकदा तरी विचारलंस?”

मुकादमाला मनापासून लाज वाटली. तो मान खाली घालून उभा राहिला.

टोळीने तिथल्या तिथे निर्णय घेतला. प्रमुख वहिनीच. पण ते पात्र आता खरी वहिनी चालवेल, म्हणजे बायको. तिने आढेवेढे घेतले नाहीत. “एक माणूस, एक पात्र,” हा तिचा पहिला हुकूम. मांत्रिक, बाणवाला आणि सेनापती यांना निरोप देण्यात आला. सेनापतीसाठी कोणी चकार शब्द काढला नाही. नवऱ्याला मात्र ठेवून घ्यावं, असं भूकंपनेच सुचवलं. त्याच्या वाट्याला ढालकाका आले.

मुकादमाने दोन दिवस तोंड फुगवलं आणि तिसऱ्या दिवशी संध्याकाळी जुना कॉम्प्युटर काढून बायकोच्या शेजारी मांडला. एकच खिडकी, एकच माणूस. हुकमाचं बटण दाबून पाहिलं तर लाल ठिपका लागला, पण ऐकायला कोणी नव्हतं. बोटांना इतकी कमी कामं होती की काय करावं ते त्यांना सुचेना.

“ढालकाका, पुढे व्हा,” वहिनीचा हुकूम आला.

ढालकाका पुढे झाले. अजगराने शेपटीचा पहिला तडाखा दिला, मग दुसरा दिला. मुकादम सवयीने पट्टीचं बटण शोधायला लागला. ते त्याच्याकडे नव्हतंच. आता आपण मरणार, असं त्याच्या मनात आलं, आणि त्याच क्षणी मागून पट्टी येऊन बसली. नेमकी वेळेवर. त्याने काहीच दाबलं नव्हतं. कोणाला काही सांगितलं नव्हतं.

काहीतरी बोलायला हवं होतं, पण शेजारी वळून बघायचा धीर होईना. मग सगळे लिहितात तसं त्यानेही गप्पांच्या खिडकीत लिहिलं, “आभारी आहे, वहिनी.”

शेजारच्या खुर्चीतून बायको म्हणाली, “समोर बघा, भावोजी.”